मदत हवी आहे: १४ महिन्यांचं बाळ, दोन एकोंमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ (दर ठोक्याला डावी जवनिका आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकते) ३१ आणि ४३. सुधारणा खरी मानायची का?

धागाकर्ता, बालरोगतज्ज्ञ (तालुका)

बाळाचं वजन ८.२ किलो, उंची ७२ सेमी. निदान डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून त्याचं आकुंचन कमजोर होणं). फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल चालू आहे.

पहिला एको एम-मोडने (एकाच रेषेवरची मोजणी): डाव्या जवनिकेचा (रक्त शरीरात ढकलणाऱ्या कप्प्याचा) व्यास डायस्टोलला (सैल असताना) ४१ मिमी, सिस्टोलला (आकुंचनात) ३५ मिमी, एफएस (व्यास किती टक्के घटला) १५, ईएफ ३१ टक्के. पाच आठवड्यांनी दुसऱ्या केंद्रात: बायप्लेन सिम्पसन (दोन दृश्यांतून आकारमान काढायची पद्धत), ईएफ ४३, मध्यम एमआर (मायट्रल झडपेतून रक्त मागे गळणं). व्यास दिलेलाच नाही. "कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या) नॉर्मल" असं दोन्हीकडे लिहिलं आहे.

वजन हललेलं नाही, यकृत अजून बरगडीखाली ३ सेमी लागतं, दूध पिताना घाम फुटतो. घरच्यांना "सुधारतंय" म्हणू का? आणि पुढचा एको मागवताना चिठ्ठीत नेमकं काय लिहू?

बालहृदयरोगतज्ज्ञ

सर, "सुधारतंय" एवढ्यात म्हणू नका. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येणारे नाहीत.

एम-मोड एकाच रेषेवर दोन व्यास मोजतो आणि बाकीचं हृदय लंबगोल आहे असं गृहीत धरून आकारमान काढतो. फुगलेली जवनिका चेंडूसारखी गोल होते, तिथे ते गृहीतक ढासळतं. मधला पडदा उलट हलत असेल तर विचारूच नका. बायप्लेनमध्ये चूक वेगळ्या ठिकाणी होते: प्रोब हृदयाच्या खऱ्या टोकावर न बसता एक बरगडी वर राहतो, हृदय आखूड दिसतं, आकारमान कमी भरतं आणि ईएफ बहुतेक वेळा फुगून येतो. खरं टोक पातळ असतं आणि जवळजवळ हलत नाही. टोक जाड, गोल आणि जोरात आत येताना दिसलं तर तो कट चुकलेला आहे. चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या दृश्यातली लांबी १० टक्क्यांपेक्षा जास्त वेगळी असली तरी तोच अर्थ.

लहान मुलांत मी ५/६ × क्षेत्रफळ × लांबी ही पद्धत पसंत करतो. क्षेत्रफळ पॅपिलरी (झडपेच्या दोऱ्या धरणाऱ्या) स्नायूंच्या पातळीवरच्या आडव्या छेदातून, लांबी टोकाकडच्या दृश्यातून. तुमच्याच व्यासांवरून छेद गोल धरला, तर डायस्टोलला १३.२ चौ. सेमी आणि सिस्टोलला ९.६. लांबी समजा ५.२ आणि ४.७ सेमी. आकारमान येतं ५७ आणि ३८ मिली, म्हणजे ईएफ ३४ च्या आसपास. लांबी मी गृहीत धरली आहे, म्हणून हा आकडा फाइलमध्ये लिहू नका, पद्धत लक्षात घ्या.

त्याहून मोलाचा आकडा व्यासाचा. हेकॉकच्या सूत्राने (वजन-उंचीवरून) या बाळाचं शरीर-क्षेत्रफळ ०.४१ चौ. मी. येतं. त्या आकाराला सरासरी डायस्टोलिक व्यास साधारण २६ मिमी. ४१ मिमी म्हणजे झेड-स्कोअर (सरासरीपासून किती प्रमाण-विचलन दूर) +२ या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या कितीतरी वर. पुढच्या वेळी व्यासाचा झेड खाली आला, तरच सुधारणेवर विश्वास ठेवा. शिवाय एमआर मध्यम असेल तर रक्त मागे कर्णिकेत सहज ढकललं जातं आणि ईएफ आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

एमआर असेलच तर त्याचा उपयोग करून घ्या: त्या प्रवाहाच्या कंटिन्युअस डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणारी तपासणी) वेग १ वरून ३ मी./से. व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. ३२ ला त्या सेकंदांनी भागा. ५० मिलिसेकंद लागले तर ६४० मिमी पारा प्रति सेकंद, म्हणजे आकुंचन बरंच मंद. १२०० च्या वर असेल तर चांगलं.

एको टेक्निशियन

चिठ्ठीत हे जरूर लिहा: त्या दिवशीचं वजन-उंची, तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि नाडी, बाळ जागं होतं की औषधाने झोपवलेलं. झोपेच्या औषधाने आकुंचन आणि दाब दोन्ही बदलतात. शक्यतो दूध पाजून आईच्या मांडीवरच करा.

ईसीजीच्या तारा लावल्याशिवाय सुरुवात करू नये. या वयाला ८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब, खोली बेताची आणि सेक्टर अरुंद. तीन ठोक्यांची सरासरी. स्ट्रेन (स्नायू किती टक्के आखडतो ते) करायचा असेल तर नाडी १४० असताना फ्रेम-रेट १०० च्या आसपास हवा. ५० वर केलं तर सिस्टोलचा सर्वांत खोल क्षण निसटतो आणि स्ट्रेन कमी दिसतो. मुलांत तो साधारण उणे २० असतो, पण दर वेळी त्याच कंपनीच्या मशीनवर करा, नाहीतर तुलना फुकट. टोकाशी गुठळी आहे का, हे वेगळं थांबून बघायला सांगा.

धागाकर्ता

आभार. एक राहिलं: ईसीजीत लीड १ आणि एव्हीएलमध्ये (डाव्या बाजूच्या नोंदींत) खोल क्यू (सुरुवातीची खाली जाणारी लहर) आहेत, नाडी १३८, सायनस (नेहमीची लय). कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी नॉर्मल.

बालहृदयरोगतज्ज्ञ

मग ईएफचा वाद बाजूला ठेवा. लीड १ आणि एव्हीएलमध्ये खोल क्यू, एमआर आणि फुगलेली जवनिका: डावी कोरोनरी फुप्फुसधमनीतून निघाली आहे का, हे याच आठवड्यात बघायला हवं. "कोरोनरी नॉर्मल" या दोन शब्दांवर विसंबू नका. साध्या द्विमितीय चित्रात पेरिकार्डियमची (हृदयाभोवतीच्या आवरणाची) आडवी पोकळी कोरोनरीच्या नळीसारखी दिसते आणि ती महाधमनीला जोडलेली आहे असा भास होतो.

पाठवताना असं लिहा: "कलर डॉपलर, वेगमर्यादा २० ते ४० सेमी/से., डाव्या कोरोनरीतला प्रवाह कोणत्या दिशेने आहे ते नोंदवा." महाधमनीकडून दूर जाण्याऐवजी उलटा, फुप्फुसधमनीत शिरणारा प्रवाह दिसला की निदान झालं. उजवी कोरोनरी रुंद आहे का आणि पॅपिलरी स्नायू पांढरे चमकतात का, हेही बघायला सांगा. दिशा स्पष्ट दिसली नाही तर सीटी अँजिओग्राफी, पुढच्या एकोची वाट नाही. त्याच बैठकीत पोटातल्या महाधमनीचा डॉपलरही घ्या, कोआर्क्टेशन (महाधमनी जन्मतः अरुंद असणं) आणि ताकायासू (महाधमनीचा दाह) दोन्ही तिथे पकडता येतात.

औषधं चालू ठेवा. सॅच्युरेशन चांगलं असेल तर ऑक्सिजन उगाच लावू नका, फुप्फुसातला दाब उतरला की कोरोनरीतलं रक्त तिकडे आणखी पळतं. आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला आजच कळवा, म्हणजे डीईआयसीमार्फत (जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र) शस्त्रक्रियेच्या मंजुरीचं काम निदानासोबतच सुरू होईल. कोरोनरी महाधमनीला जोडल्यावर अशा मुलांचं आकुंचन बहुतेकदा हळूहळू सुधारतं. अहवाल आला की प्रवाहाची दिशा इथे कळवा.