प्राणायामानंतर बीपी कमी दिसतं, ते खरं धरायचं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वडिलांबद्दल विचारायचंय. वय ६८, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. हल्ली रोज सकाळी अनुलोम-विलोम आणि भ्रामरी करतात, अगदी मनापासून करतात. पण होतं काय, प्राणायाम संपला की त्याच आसनावर बसून लगेच मशीन लावतात, तेव्हा १२६/७८ च्या आसपास येतं आणि वहीत तेवढंच लिहितात. मी संध्याकाळी घेतलं तर वरचं १४५ च्या पुढे. आता बाबांचं म्हणणं असं की श्वासानेच बीपी उतरलंय तर गोळी कशाला, आणि मला याची खरंच काळजी वाटतेय.

मी थोडं वाचलं त्यावरून एवढं कळलं की एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, ते ६ पर्यंत आणले की मानेतल्या धमनीत रक्ताचा दाब ओळखणारी जी यंत्रणा असते ती जास्त तत्पर होते, मग ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणजे उतरलेलं बीपी खोटं नाहीच. पण टिकतं किती वेळ? आणि डॉक्टरांना कुठलं रीडिंग दाखवायचं?

दुसरं म्हणजे ते डोळे मिटून बसलेले असताना मी मनगटावर बोट ठेवून बघितलं, श्वास आत घेताना नाडी पळते आणि लांब सोडताना रेंगाळते, स्पष्ट जाणवतं. मशीनवरही एकदा अनियमित ठोक्यांचं चिन्ह आलं होतं. हे नॉर्मल आहे का?

आणि कोणीतरी त्यांना भस्त्रिका (जोरजोरात भराभर श्वास घेणं-सोडणं) आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) पण सुरू करा म्हणून सांगितलंय. करू द्यावं का?

प्रतिसाद:
आधी नाडीचं. श्वासाबरोबर ठोके कमीजास्त होणं नॉर्मलच, उलट वय वाढेल तसं ते कमी होत जातं. मात्र साधा श्वास चालू असताना ते चिन्ह परत दिसलं तर ईसीजी काढून घ्या, त्यात चालढकल नको.

रीडिंग प्राणायामाच्या आधी घ्यायचं. सकाळी गोळी घेण्यापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, ५ मिनिटं गप्प बसून मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा. संध्याकाळीही तसंच, आठवडाभर. घरच्या रीडिंगची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर बीपी जास्तच धरतात. लगेचचा उतार बराचसा तात्पुरता असतो, नियमित केलं तर थोडाफार टिकाऊ फायदा होतो, पण तो गोळीच्या जोडीला. बाबांना हे नक्की सांगा की १४५ हे गोळी चालू असतानाचं आहे, बंद केली तर काय होईल! गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील.

भस्त्रिकेत ठोके वाढतात, आणि जोर लावून श्वास कोंडला की छातीतला दाब वाढून बीपी वरखाली होतं. बीपी आटोक्यात नसताना दोन्ही नको. अनुलोम-विलोम श्वास न रोखता करू दे.

धागाकर्ता:
खूप आभार, वहीत आता ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आखून देतो, म्हणजे त्यांचं रीडिंग खोडल्यासारखं वाटणार नाही त्यांना. अजून एक, भ्रामरी झाल्यावर पटकन उठले की कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. त्याचं काय?

प्रतिसाद:
हे आधी सांगायला हवं होतं. बसून रीडिंग घ्या, मग उभं राहिल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा खालचा १०, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. तोवर प्राणायाम खुर्चीत बसून, आणि उठताना आधार धरून.