साध्या गाडीच्या दाराने रायफलची गोळी अडते का?

वाटसरू:
गाडीचं दार उघडून त्यामागे दबून बसलं तर रायफलच्या गोळीपासून वाचता येतं का? नसेल, तर गाडीचा कुठला भाग खरोखर कामाचा? दारात लोखंडी पत्रा बसवून घेतला तर?

पोलादी:
दार नाही वाचवत. बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७-०.८ मिमी, आत तसाच दुसरा, बाकी प्लास्टिक. पिस्तुलाच्या ९ मिमी गोळीत साधारण ५०० ज्यूल ऊर्जा असते आणि तीसुद्धा बहुतेक वेळा पार जाते. एके-४७च्या गोळीत सुमारे २,००० ज्यूल, ७.६२×५१ या आणखी जोरदार लष्करी रायफलच्या गोळीत ३,३००च्या आसपास. काच वरखाली करणारी यंत्रणा किंवा धडकेसाठीचा आडवा दांडा मध्ये आला तर गोळी वळेल, फुटेल. त्या भरवशावर बसू नये. दारामागे माणूस फक्त दिसेनासा होतो.

अडवणारा भाग म्हणजे इंजिनाचा ब्लॉक. त्याखालोखाल पुढचं चाक, कारण तिथे रिम, ब्रेक डिस्क आणि हब एकामागे एक येतात. पण बॉनेटखालची सगळी जागा म्हणजे ब्लॉक नव्हे! रेडिएटर, एअर फिल्टर, बॅटरी यांतून गोळी जाते. इलेक्ट्रिक गाडीत तर तो ब्लॉकच नसतो.

नेमकेबुवा:
पत्र्याबद्दल. साधं लोखंड उपयोगाचं नाही, कठीण केलेलं चिलखती पोलाद लागतं. ७.६२×५१च्या शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी ते साधारण ६.५ मिमी जाड हवं, म्हणजे चौरस मीटरला ५१ किलो. गंमत अशी की लहान पण वेगवान ५.५६ मिमी रायफलची गोळी जवळून आली तर तीच प्लेट भेदू शकते. वेल्डिंग केलंत तर शिवणीजवळचा कठीणपणा जातो, आणि दाराच्या कडांच्या फटी उघड्याच राहतात. वर बिजागऱ्या, ब्रेक, सस्पेन्शन या वजनासाठी बनलेले नसतात. काच तशीच ठेवली तर सगळा खर्च वाया. रायफल झेलणारी काच जवळपास ४ सेंमी जाड असते. तयार चिलखती गाडी घेताना तिची व्हीआर श्रेणी, म्हणजे ती कुठली गोळी झेलते याची पातळी, पाहा: व्हीआर ४ पिस्तुलापुरतं, व्हीआर ६ एकेसाठी, व्हीआर ७ मध्ये ५.५६ आणि ७.६२×५१, एवढं बघावं.

वाटसरू:
आणि गाडी बंद पडली तर?

पोलादी:
चालत असेल तोवर थांबू नका, तिथून निघा. बंद पडली तर गोळीबाराच्या विरुद्ध बाजूने उतरा, पुढच्या चाकामागे या, जेणेकरून पायही झाकले जातील; गाडीखालून, जमिनीला घासून गोळ्या येतात. बॉनेटला चिकटून डोकं ठेवू नका. तिरकी लागलेली गोळी पत्र्याला समांतर सरकत जाते, म्हणून हातभर मागे राहा. टाकीचा स्फोट सहसा होत नाही, पेट्रोल मात्र गळतं. आणि मागे भिंत किंवा खड्डा असेल, तर संधी मिळताच गाडी सोडून तिकडे जा.