सारणीत अपूर्णांक टाळण्यासाठी किमती कशा निवडाव्यात?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. २क्ष + ३य = १२ या समीकरणाची सारणी करताना ती क्ष ला ०, १, २ अशा किमती देते; मग य ची किंमत १०/३ येते आणि आलेखकागदावर बिंदू नेमका बसत नाही. काय करावे?

उत्तर १ : क्ष = ० घेतल्यास य = ४ येतो. य चा सहगुणक ३ असल्यामुळे तेथून क्ष ३-३ ने वाढवावा, म्हणजे य दर वेळी २ ने कमी होऊन (०, ४), (३, २), (६, ०) हे बिंदू मिळतात. मात्र १०/३ हे उत्तर चूक नाही, एवढे तिला आवर्जून सांगा.

उत्तर २ : रेषेला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा काढावाच. क्ष = -३ घेताना ऋण चिन्ह सुटून य ६ ऐवजी २ आला, तर तो बिंदू रेषेबाहेर पडतो आणि चूक लगेच दिसते.