ठिगळं सातजणींची, माप एकच : मिळून शिवलेल्या गोधडीचे अनुभव

मैत्रिणींनो, सातजणी सात गावांत बसून चौकोन शिवतात, ते टपालाने एका घरी येतात आणि तिथे त्यांची एक गोधडी होते. अशा गोधड्या आता बऱ्याचजणी करतात. पण किती कापड काढायचं, कुठलं माप ठरवायचं, कुठे फसतं आणि का फसतं, हे एका जागी लिहिलेलं नाही. ते इथे जमवू या. आठवणी आणि कौतुक नंतर, आधी इंच आणि मीटर. सुरुवात मी करते. पुढे प्रत्येकीच्या उत्तराच्या वर तिचं गाव लिहिलं आहे.

आमचं माप : ब्लॉक, म्हणजे एकेक चौकोन, जोडल्यावर १२ इंच, म्हणजे जोडण्याआधी साडेबारा. आडवे ५, उभे ७, एकूण ३५. सातजणी, प्रत्येकीचे ५. गोधडी ६० × ८४ इंच, एका माणसाला पांघरायला भरपूर.

ब्लॉक तिरप्या पट्ट्यांचा. जुन्या धोतराचा किंवा चादरीचा १३ इंची चौकोन पायाला घ्यायचा. त्याच्या कर्णावर मधली पट्टी सुलटी ठेवायची. तिच्यावर दुसरी पट्टी उलटी, कडेला कड लावून, पायाच्या कापडासकट पाव इंचावर शिवायची, उलटवायची, इस्त्री फिरवायची, मग पुढची. असं दोन्ही कोपऱ्यांपर्यंत. पट्ट्या १ ते अडीच इंच रुंद. पाऊण इंचाची पट्टी घेतली तर शिवून पावच इंच दिसते आणि मागे नुसती शिवणींची गर्दी होते. कोपऱ्याचा शेवटचा तुकडा निदान ३ इंचांचा मोठा त्रिकोण असू द्या. बारीक तुकडा लावलात तर जोडताना त्या कोपऱ्यात चार-चार शिवणी येतात आणि सुई मोडते.

पायाचं कापड टाळू नका. तिरप्या पट्ट्यांच्या ब्लॉकची कड उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी, येते. उरेब कड हातात घेतली तरी ताणते, आणि टपालातून येईपर्यंत साडेबाराचे पावणेतेरा झालेले असतात. पाया ते धरून ठेवतो. तो १३ इंचांचा घ्यायचा, कारण शिवताना थोडा आवळतो. शेवटी पाठीकडून मापून साडेबारावर कातरायचा.

चिंध्या कुणाच्याही, कसल्याही रंगाच्या चालतील, पण मधली पट्टी सगळ्यांची एकाच कापडाची हवी. आम्ही न रंगवलेलं मांजरपाट घेतलं. गोधडी एकसंध दिसते ती तेवढ्यामुळेच. पट्टी २ इंच रुंद आणि साडेअठरा इंच लांब. साडेबारा इंची चौकोनाचा कर्ण १७.७ इंच भरतो, वर थोडी सूट.

आता मांजरपाटाचा हिशेब नीट बघा, कारण इथेच सगळे चुकतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच, म्हणून साडेअठरा इंचांच्या एका तुकड्यातून १८ पट्ट्या निघतील, दोन तुकड्यांतून ३६, आपल्याला हव्यात ३५, म्हणजे एक मीटर पुरेल, असं कागदावर दिसतं. पण मांजरपाट धुतल्यावर आटतं. पन्हा ३५ वर आला की एका तुकड्यातून १७ च निघतात. दोनांतून ३४. एक पट्टी कमी, आणि तेच कापड दुकानात पुन्हा त्याच छटेचं मिळत नाही. दीड मीटर घ्या, धुवा, वाळवा, मगच कापा. उरलेलं दुरुस्तीला लागतंच. पट्ट्या एकीनेच कापून सगळ्यांना पाठवायच्या.

प्रत्येकीच्या पाच ब्लॉकना साधारण दीडशे ग्रॅम चिंध्या पुरतात, पायाचं कापड वेगळं.

नाशिक, पायमशीन

पाव इंच, पाव इंच सगळे म्हणतात, पण प्रत्येकीचा पाव इंच वेगळा असतो. मशीनच्या फुटाची, म्हणजे कापड दाबणाऱ्या पायाची, कड सुईपासून किती लांब आहे ते मशीनगणिक बदलतं. म्हणून पहिला ब्लॉक घेण्याआधी ही परीक्षा करा : दीड इंची तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जास्त खाते आहे, जास्त भरली तर कमी. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावा, त्याला कापड टेकवून शिवा.

एवढं काटेकोर कशाला, असं वाटत असेल तर हिशेब करा. नऊ तुकड्यांच्या चौकोनात आडव्या दोन शिवणी, तिथे खपून जाईल. पण सहा तुकडे ओळीत असतील तर पाच शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन बाजू, प्रत्येक बाजूला सोळांश इंच जास्त खाल्लं, तर ब्लॉक पाच अष्टमांश इंचाने लहान. तो कुणाशीच जुळत नाही.

पट्ट्यांच्या ब्लॉकचा मोठा गुण हाच, की तो शेवटी कातरून मापात आणता येतो. वेगवेगळ्या हातांच्या गोधडीला त्यामुळे तोच निवडावा असं माझं ठाम मत आहे.

कोल्हापूर

कापडाबद्दल. चिंधी सुती आहे की नाही, हे हाताला कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. मिश्र कापडात थोडी राख, थोडा मणी. पॉलिस्टर नको म्हणण्याचं कारण इस्त्री. सुती कापडाच्या आचेवर ते आकसतं, चकाकतं, आणि एका पट्टीपायी सगळा ब्लॉक वाकडा होतो.

रंगाची परीक्षा प्रत्येकीने आपल्या घरीच करायची. पांढरा ओला रुमाल चिंधीवर ठेवून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवायचं, तरी लागला तर बाजूला. बांधणी, नीळ आणि गडद लाल यांच्यावर कधी भरवसा ठेवू नका. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तयार कापडाचा सैल रंग पक्का होत नाही. तो धुऊन धुऊन काढूनच टाकावा लागतो.

जुन्या साडीचा तुकडा उजेडासमोर धरा. आडवे धागे विरलेले दिसले तर ते कापड वरच्या बाजूला नको, आतल्या थरात चालेल. आणि जरीचा काठ उसवून ठेवा. जरीची तार सुई बोथट करते आणि अंगाला टोचते. इरकलीचा साधा काठ मात्र पट्टीसाठी फार सुरेख, बेतलेल्या रुंदीचाच मिळतो.

न्यू जर्सी

इथल्या क्विल्टच्या, म्हणजे गोधडीच्या, सुती कापडाचा पन्हा ४२ ते ४४ इंच असतो आणि ते आपल्या साडीपेक्षा बरंच घट्ट आणि जाड. तलम साडीची पट्टी त्याच्या शेजारी लावली की सगळा ताण तलम कापडावर येतो आणि काही धुण्यांनंतर ते शिवणीपाशी फाटतं. पायाचं कापड असेल तर हा प्रश्न बराच कमी होतो. नसेल तर तलम पट्टी दुहेरी घ्या.

ब्लॉक कातरायचा साचा पुठ्ठ्याचा नको. खडू किंवा पेन्सिल फिरवून फिरवून त्याची कड झिजते आणि दहाव्या चौकोनाला माप बदललेलं असतं. पारदर्शक प्लास्टिकचा जाड साचा करा, त्यावर दोन्ही कर्ण कोरून घ्या. कातरताना कोरलेला कर्ण मधल्या पट्टीच्या बरोबर मधोमध आला पाहिजे. पट्टी पाव इंच सरकली तरी चार ब्लॉक जुळवताना टोकं भेटत नाहीत.

फोटो पाठवताना ब्लॉक पाठीकडून, वर मापटेप ठेवून, दोन्ही कर्णांचे वेगवेगळे काढा. बाजू साडेबारा असूनही चौकोन तिरका असू शकतो. दोन्ही कर्ण १७.७ आले तरच तो खरा चौकोन.

अमेरिकेत १८४० च्या दशकात सह्यांच्या क्विल्टची मोठी लाट होती, ब्लॉकब्लॉकवर कुणाची तरी सही किंवा नाव. आपणही नाव घालावं. शाईने नको. मधल्या पांढऱ्या पट्टीवर दोन पदरी धाग्याने उलटी टीप घालून. नाव कडेपासून एक इंच आत ठेवा, नाहीतर शिवणीत जातं.

ठाणे

पाच ब्लॉकचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. घडी घालू नका, चुण्या पडून माप चुकतं. सुलट बाजू आत, दोन पुठ्ठ्यांत सपाट, मग प्लास्टिकची पिशवी, मग पाकीट. टाचण्या काढल्यात का, दोनदा बघा.

पुणे, जुळवणीचं काम

ब्लॉक आले की सगळे एकदा मोजायचे आणि तीन ढीग करायचे : बरोबर, पाव इंचापर्यंत चुकलेले, त्याहून जास्त चुकलेले.

पाव इंचापर्यंतचा फरक शिवताना मुरवता येतो. मोठा ब्लॉक खाली ठेवायचा, मशीनच्या दात्यांकडे. दाते खालचं कापड किंचित जास्त ओढून घेतात आणि फरक जिरतो. उलटं केलं की वरच्या कापडाची शेवटी चुणी पडते. कोपरे, मध्य आणि दोन्हींच्या मध्ये टाचण्या, म्हणजे एका बाजूला निदान पाच.

अर्धा इंच किंवा जास्त लहान असेल तर ओढाताण नको. चारी बाजूंना उरलेल्या मांजरपाटाची पट्टी लावून पुन्हा साडेबारावर कातरा. असे एक-दोनच ब्लॉक असतील तर ते उठून दिसतात, म्हणून आणखी दोन-तीन चांगल्या ब्लॉकनाही मुद्दाम तशीच चौकट करा आणि विखरून लावा.

मांडणी जमिनीवर चादर अंथरून. चार ब्लॉकच्या पट्ट्या मिळून पांढरा हिरा होतो. पाच आणि सात विषम असल्यामुळे एका उभ्या आणि एका आडव्या कडेला अर्धे हिरे राहतात. ते खटकत असतील तर सुरुवातीलाच १० इंची ब्लॉक ठरवा : ६ × ८ म्हणजे ४८ ब्लॉक, ६० × ८० इंच, आठजणींचे सहा-सहा. मग मधली पट्टी १६ इंच लांब पुरते.

मांडून झालं की मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. रंगात न दिसलेला अंधार त्यात लगेच दिसतो, एका कोपऱ्यात तीन गडद ब्लॉक जमलेले असतात. फोटोवरून अदलाबदल करा, मग प्रत्येक ब्लॉकला ओळ आणि जागा लिहिलेली चिठ्ठी टाचा.

पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसऱ्या ओळीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. ओळी जोडताना त्या एकमेकींत बसतात, चौकात गाठ येत नाही.

बेळगाव

हाताने धावदोरा घालणाऱ्यांसाठी. अस्तर चारी बाजूंनी ३ इंच मोठं हवं, म्हणजे ६६ × ९०. साडेपाच मीटरच्या सुती साडीचे दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की ४५ इंची पन्ह्यात ते आरामात बसतं. आतल्या एका थरालाही एक साडी लागते. पायाचं कापड आधीच आहे, त्यामुळे आत एकच थर पुरे. नेहमीच्या गोधडीसारखे तीन-चार थर घातले तर शिवणीवरून सुई पार होत नाही, टाका नुसता वरवर बसतो.

आधी मधून बाहेर, वितीवितीवर कच्चे टाके. मग धावदोरा, तोही मधूनच. कडेपासून सुरुवात केली तर मधे झोळ जमतो आणि त्याला जायला वाट राहत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासूनच शिवत आत जातात, चार कोपऱ्यांना घडीची त्रिकोणी फुलं लावून. ते पाहून अनेकींना वाटतं आपणही तसंच करावं. पण त्यांच्याकडे वरचा थर आधी जोडलेला नसतो. ठिगळ ठेवत, दुमडत, टाका घालत त्या पुढे सरकतात, म्हणून झोळ जागच्या जागी जिरतो. आपला वरचा थर अखंड आहे, तिथे ती रीत लागू पडत नाही.

धावदोरा शक्यतो एकीनेच घालावा. एक आवळून ओढते, दुसरी सैल, आणि धुतल्यावर गोधडी अर्धी चुणते.

बेंगळुरू, घरात जागा नसलेल्यांसाठी

६० × ८४ घरात पसरणं जमत नसेल तर प्रत्येकीने आपला ब्लॉक अस्तर आणि आतल्या थरासकट शिवूनच पाठवावा. टाके कडेपासून अर्धा इंच आत थांबवायचे, तिन्ही थर मिळून साडेबारावर कातरायचं. जोडताना पुढून १ पूर्णांक १/८ इंचाची पट्टी एकेरी, मागून १ पूर्णांक ३/४ इंचाची दुहेरी दुमडून. दोन्ही पट्ट्या एकाच शिवणीत पहिल्या ब्लॉकला, पुढच्या पट्टीची दुसरी कड दुसऱ्या ब्लॉकला, आणि मागची दुमडलेली कड उलटवून हाताने टिपायची. गोधडी दर जोडामागे पाच अष्टमांश इंच वाढते, ते धरा. पायाचं कापड इथे वगळलं तर चालतं, कारण आतला थर तेच काम करतो, फक्त पट्ट्या सरळ त्या थरावरच शिवायच्या.

नाशिक, पायमशीन

गोट, म्हणजे कडेने लावायची पट्टी, राहिला. घेर २८८ इंच, वर कोपरे आणि जोड धरून ३००. अडीच इंची पट्ट्या, तिरप्या जोडाने जोडल्या की प्रत्येक जोडात साधारण अडीच इंच जातात. ३६ इंची पन्ह्यात नऊ पट्ट्या जेमतेम पुरतात, म्हणून दहा कापा, ६५ सेंटीमीटर कापड. जोड कोपऱ्यावर येत नाहीत ना, ते लावण्याआधी गोधडीभोवती फिरवून बघा. थर जाड असतात, १६ नंबरची सुई लावा. आणि पहिलं धुणं गार पाण्यात, वेगळं. दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. एका दोरीवर ओल्या गोधडीचं सगळं वजन मधल्या शिवणीवर येतं आणि ती उसवते.