वंगण, ओंगण की ग्रीसिंग?

प्रश्न : साखर कारखान्याच्या देखभाल-पुस्तिकेचं मराठी करते आहे. 'मिल बेअरिंग लुब्रिकेशन'ला काय लिहू? सहकारी म्हणतात, 'ग्रीसिंग' लिहा, सगळ्यांना कळतं.

उत्तर : 'ग्रीसिंग' नका लिहू, वाचणारा भलतंच काही भरेल. उसाच्या मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतो आणि वरून हायड्रॉलिकचा प्रचंड दाब. इतक्या संथ गतीत जर्नल (रोलरच्या दांड्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचा ब्रास (म्हणजे त्या दांड्याला धरणारं बेअरिंग) यांच्यामध्ये तेलाचा अखंड थर धरत नाही, धातू धातूला घासतो. म्हणून तिथे काकवीसारखं दाट तेल लागतं, आणि ते पंपाने थोडं थोडं पण सतत पोचवावं लागतं. ब्रास तापू नये म्हणून त्यात पाणी खेळवतात ते वेगळंच. कडेने उसाचा रस आत शिरला की तेल धुऊन निघतं, रस आंबट असल्याने जर्नलला खड्डे पडू लागतात, आणि ऐन गळीत हंगामात मिल थांबते.

तेव्हा 'वंगण' लिहा. 'वंगण'मध्ये तेलही आलं, ग्रीसही आलं. ग्रीस म्हणजे बहुधा लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणाने घट्ट केलेलं तेल. वंगणाचा तो फक्त एक प्रकार.

आणखी एक : पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये दोन्ही सापडतात. वर्क रोलच्या, म्हणजे पोलाद प्रत्यक्ष दाबणाऱ्या रोलच्या, टेपर रोलर बेअरिंगमध्ये (यात निमुळते रूळ असतात) बहुतेक ठिकाणी ग्रीस भरतात. त्याला मागून आधार देणाऱ्या बॅकअप रोलला मात्र पुष्कळदा ऑइल-फिल्म बेअरिंग असतं. रोलची मान फिरताना तेल आत ओढून घेते आणि त्या पातळ थरावरच तोलली जाते. तिथे 'ग्रीसिंग' म्हणणं साफ चूक.

पुरवणी : बैलगाडीच्या आसाला तेल द्यायचं ते ओंगण, क्रियापद ओंगणे. हिंदीतही औंगना आहेच. गाडीखाली तेलाचं नळकांडं टांगलेलं असायचं. सुंदर शब्द, पण आज पुस्तिकेत चालायचा नाही.

प्रश्न : मग 'धारव्याची वंगणक्रिया'?

उत्तर : धारवा हा बेअरिंगचा पुस्तकी प्रतिशब्द बरोबर आहे, पण मिलवरचा ऑइलमन 'ब्रास' म्हणतो. त्याच्यासाठी लिहिताय ना? 'ब्रासला वंगण देणे' लिहा, आणि शेजारी तेलाचा ग्रेड. ग्रीसगन खरोखर लावायची असेल तिथेच 'ग्रीस भरणे'.