इटलीहून आलेली कियांती क्लासिको: उन्हाळ्यात ठेवू कुठं आणि उघडू कशाबरोबर?

गुऱ्हाळकर, करवीर
नमस्कार मंडळी. आमचं आजोबांपासूनचं गुऱ्हाळ आहे. पुतणी फ्लॉरेन्सला शिकते. ऑक्टोबरात ती राड्डा गावाजवळच्या एका द्राक्षमळ्यात आठवडाभर तोडणीला गेली होती. मळा तिथल्या एका कुटुंबाचा. आजी घड निवडायला बसते, मुलगा पिंपं सांभाळतो. परवा येताना तिथल्या लाल वाइनची एक बाटली घेऊन आली. कियांती क्लासिको रिझर्वा, २०१९ ची. मानेवर काळ्या कोंबड्याचा शिक्का.

जूनमध्ये भावाची, म्हणजे तिच्या वडिलांची साठी आहे, तेव्हा उघडायची. भाऊच आमचा गुळव्या. काहिलीतला पाक पाण्यात सोडून बोटानं गोळी करून बघतो आणि सांगतो, उतरवा. पोरीला त्या मळ्यातला म्हातारा बघून बाप आठवला म्हणे. म्हणून ही बाटली मला बिघडू द्यायची नाही. घर स्लॅबचं, दुपारी भट्टी होते. फ्रिजमध्ये चालेल का? आडवी का उभी? आणि तांबड्या रश्श्याबरोबर जमेल का?

बावड्याची सून
काका, मी नाशिकला वायनरीच्या लॅबमध्ये सहा वर्षं होते. कपाटावर, माळ्यावर अजिबात नको. वाइनला १२ ते १५ अंश बरं. ३५ च्या वर आठवडे गेले की ती शिजल्यासारखी लागते, बूचही वर सरकतं. दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, तर फ्रिजच्या खालच्या खणात कागदात गुंडाळून आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. त्या दिवशी पाऊण तास आधी बाहेर काढा. १६-१७ अंशाला प्यायची. आपल्याकडं जूनमध्ये ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे कोमट होईल.

तांबडा रस्सा नको, मनापासून सांगते. ही वाइन ज्याची करतात त्या सांजोवेझे द्राक्षाला आंबटपणा भरपूर आणि जांभळासारखा तुरटपणा. त्यावर आपलं तिखट पडलं की जिभेला नुसती आग, चेरीची चव कुठल्या कुठं जाते. उलट चरबी आणि मीठ असलं की तोच तुरटपणा मऊ होतो. तिकडं जाड गोमांस निखाऱ्यावर भाजतात ते त्यासाठीच. तुम्ही अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटण करा! मीठ-हळदीत शिजलेले चरबीचे तुकडे तव्यावर तुपात परतायचे, वर मिरपूड. रस्सा नंतर, वाइन संपल्यावर.

पंचगंगा घाट
गुऱ्हाळवाल्यांना आवडेल म्हणून सांगतो. फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या या कियांतीच्या टेकड्यांची हद्द तिथला सत्ताधीश तिसरा कोसिमो दे मेदिची यानं १७१६ सालीच फर्मान काढून ठरवली होती. पुढं बाहेरचे लोकही कियांती म्हणून विकायला लागले, तेव्हा १९२४ मध्ये उत्पादकांनी संघ काढला. काळा कोंबडा त्यांचाच. आजही निदान ८० टक्के सांजोवेझे लागतं, आणि रिझर्वा २४ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१४ मध्ये.

कोंबड्याची दंतकथा अशी: दोन्ही शहरांनी हद्दीसाठी ठरवलं, कोंबडा आरवला की घोडेस्वार निघायचे आणि भेटतील तिथं सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो मध्यरात्रीच आरवला.

गुऱ्हाळकर, करवीर
१७१६! हे वाचून भाऊ गप्पच बसला. दुसरीकडचा गूळ, साखर घातलेलासुद्धा, ‘कोल्हापुरी’ म्हणून विकताना आम्ही डोळ्यांनी बघतो आणि दर आमचे पडतात. नावासाठी भांडायला शेतकऱ्यांनीच एकत्र यावं लागतं, हे पटलं.

गुऱ्हाळकर, करवीर (जून)
काल उघडली. सगळं सुनबाईंनी सांगितल्याप्रमाणं केलं. अळणी मटण वहिनींनी चुलीवर केलं. भावानं पहिला घोट तोंडात बराच वेळ धरला, पाक बघताना धरतो तसं तोंड करून. म्हणाला, “आधी आंबट, मग तुरट, आणि शेवटी सुकलेल्या फुलासारखं काहीतरी.” मटणाचा तुकडा खाऊन परत प्यायला आणि म्हणाला, “आता बदलली.” अर्धी बाटली उरली होती, ती बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. आज संध्याकाळी आणखी चांगली लागली.

पोरीला फोन करून सगळं सांगितलं. पुढच्या वेळी जाताना त्या आजींसाठी आमच्या काहिलीतल्या गुळाचा एक किलोचा रवा, म्हणजे छोटी ढेप, पाठवायचाय. विमानात न्यायला कसा बांधावा, कुणी नेलाय का?