मुलीच्या दंडावरचे खरखरीत दाणे: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

(रत्नागिरी, जानेवारीतला एक रविवार)

बी २०३ वहिनी: नमस्कार. जरा वेगळ्या विषयावर विचारते. आमची धाकटी तिसरीत आहे. तिच्या दोन्ही दंडांच्या बाहेरच्या बाजूला बारीक बारीक दाणे आलेत, मांड्यांवरही थोडे आहेत. हात फिरवला की किसणीसारखं खरखरीत लागतं. खाज नाही, दुखत नाही. गणपतीत फारसं जाणवत नव्हतं, दिवाळीनंतर वाढलं. शाळेच्या गॅदरिंगला तिचा कोळीनाच आहे, ब्लाऊज बिनबाह्यांचा. प्रॅक्टिसला दोघीतिघी म्हणाल्या, "हिचा हात धरू नका, आपल्याला पण होईल." काल घरी येऊन खूप रडली. कुणाच्या मुलांना असं झालंय का?

सी १०१ काकू: अगं उष्णता असणार. सब्जा दे भिजवून. आणि मसुराचं पीठ, उटणं लावून चांगलं खसखसून चोळ. वजरी फिरव हलक्या हाताने. मळ बसतो गं तिथे, मुलं नीट घासत नाहीत.

सी २०४: वहिनी, राग मानू नका. संध्याकाळी सगळी मुलं खाली एकत्र खेळतात, एकमेकांची बाटली तोंडाला लावतात. पसरणारं असेल तर आधी कळलेलं बरं, म्हणून विचारते.

बी २०३ वहिनी: राग नाही. मलाही तेच कळून घ्यायचंय. फोटो टाकू का इथे?

ए ३०२ डॉक्टर ताई: वहिनी, फोटो ग्रुपवर टाकू नका. मुलीचं अंग आहे, दीडशे फोनमध्ये जायला नको. मला एकटीला पाठवा. आणि दाणे जवळून बघून सांगा: मध्ये केस दिसतो का? रात्री खाजवते का? बोटांच्या बेचक्यांत काही आहे का?

सेक्रेटरी: मोटर चालू केली आहे. बी आणि सी विंगने टाक्या बघून घ्या.

बी २०३ वहिनी: ताई, फोटो पाठवला. उजेडात नेऊन नीट बघितलं. बहुतेक दाण्यांच्या मधोमध बारीकसा केस आहे. काहींच्या भोवती लालसर कडं आहे. एक दाणा तिने नखाने काढला होता, त्यातून पांढरा कडक कण निघाला आणि आत केस गुंडाळी होऊन बसलेला. बेचक्या स्वच्छ आहेत. रात्री शांत झोपते.

ए ३०२ डॉक्टर ताई: फोटो बघितला. याला केरॅटोसिस पिलॅरिस म्हणतात. सगळ्यांसाठी आधी एकच गोष्ट लिहिते: हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. हात धरून, एका टॉवेलने पुसून, एका बाटलीचं पाणी पिऊन, कशानेच नाही. हा जंतू नाही, बुरशी नाही, आणि काकू, हा मळही नाही.

आपल्या कातडीच्या वरच्या थरात केरॅटिन नावाचं प्रथिन असतं, केस आणि नखंही त्याचीच बनतात. काही जणांच्या केसाच्या छिद्रात ते जास्त साठतं आणि तोंडाशी बूच बसतं. केस आतच अडकतो आणि गुंडाळला जातो. वहिनींनी जो पांढरा कण पाहिला ते हेच बूच. दंडाची बाहेरची बाजू, मांड्या, कधी नितंब आणि लहान मुलांत गाल, या त्याच्या नेहमीच्या जागा. वयात येणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्याहून जास्त जणांना कमी-अधिक प्रमाणात हे असतं. बहुतेकांना नावही माहीत नसतं.

बी २०३ दादा: डॉक्टर, माझ्या दंडांवर लहानपणापासून असंच आहे. आईच्याही होतं. मी तर समजायचो सगळ्यांची कातडी अशीच असते.

ए ३०२ डॉक्टर ताई: दादा, मग उत्तर घरातच आहे. हे बरेचदा आनुवंशिक असतं. आईवडिलांपैकी एकाला असलं तरी मुलांत उतरू शकतं. ज्यांची कातडी मुळात कोरडी, ज्यांना एक्झिमा (कोरडी, लाल, खाजरी कातडी) किंवा दम्याचा त्रास, त्यांच्यात जास्त दिसतं. मुलीला आज संध्याकाळी जवळ बसवा आणि तुमचा दंड दाखवा. मी शंभरदा समजावून जे होणार नाही, ते तेवढ्याने होईल.

सी २०४: बरं झालं कळलं. वहिनी, माझ्या मुलीला मी आत्ताच सांगते. तीही त्याच नाचात आहे.

डी १०४ आजी: आमच्या मालवणाक असल्या पोरांक नारळाचा त्याल लावीत. दुसरा काय माहीत नव्हता. पण माका एक कळणा नाय, हंय समुद्राकाठी हवा एवढी दमट, तरी कातडी सुकता कशी?

सी ३०३ गुरुजी: आजी, हा माझ्या भूगोलाचा प्रश्न. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, ते ओले. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. पौष-माघात ते घाटाकडून कोरडे येतात. आंब्याला मोहोर धरायला लागणारी थंडी याच दिवसांत पडते. सकाळी सातला भाट्ये पुलावर फिरायला जाऊन बघा, ओठ लगेच ताणतात.

ए ३०२ डॉक्टर ताई: गुरुजी, अगदी बरोबर. म्हणून दिवाळी ते होळी हे दाणे वाढतात आणि पावसाळ्यात पुष्कळ मुलांचे निम्मे तरी मऊ पडतात. त्यात सकाळी गार वाटतं म्हणून आपण गीझरचं कढत पाणी घेतो, साबण अंगभर फासतो. कातडीत जो थोडा तेलकटपणा असतो तोही धुऊन जातो. काकू, वजरीचं म्हणाल तर ती टाचेला ठेवा. दंडावर घासलं की बूच निघत नाही, भोवतालची कातडी सोलवटते, लाली वाढते आणि सावळ्या कातडीवर काळे डाग राहतात. ते डाग दाण्यांपेक्षा जास्त महिने टिकतात. उटणं नरक चतुर्दशीला जरूर लावा, रोज घासायला नको.

सी १०१ काकू: बरं. मग करायचं काय ते सांग. नुसतं नको नको ऐकून पोरीचे हात मऊ होणार नाहीत.

ए ३०२ डॉक्टर ताई: सांगते काकू. पाणी कोमट. अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपायची. साबण सौम्य, कमी वासाचा, आणि तोही काखा, जांघा, पाय यांनाच. दंड-मांड्यांना नुसतं पाणी पुरतं. मग पंचाने टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. कातडी अजून ओलसर आहे तोवर, म्हणजे दोन-तीन मिनिटांतच, क्रीम लावायचं. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि नेमकं हेच राहून जातं. शाळेची घाई, डबा, रिक्षा, आणि क्रीम लावायचं रात्री आठला आठवतं, तेव्हा कातडी कधीच सुकलेली असते. डबी न्हाणीघरातच ठेवा. लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा मलम बरं, बिनवासाचं.

दाणे मऊ करायचे तर साध्या क्रीमपुढे एक पायरी आहे: १० टक्के युरिया असलेलं क्रीम. युरिया पाणी धरून ठेवतो आणि बूच हळूहळू सैल करतो. १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशनही मिळतं. दोन्ही चुरचुरतात, खाजवलेल्या किंवा सोललेल्या जागी तर चांगलंच. म्हणून आधी दंडावर रुपयाएवढ्या जागेत दोन-तीन दिवस लावून बघायचं. सॅलिसिलिक ॲसिड लहान मुलांना अंगभर लावू नका, ते कातडीतून रक्तात जातं.

बी २०३ वहिनी: किती दिवसांत जातं?

ए ३०२ डॉक्टर ताई: वहिनी, खरं सांगते. जात नाही, ताब्यात राहतं. रोज लावलं तर काही आठवड्यांत हाताला फरक कळतो. डोळ्यांना उशिरा दिसतो, लाली तर सगळ्यात शेवटी कमी होते. लावणं सोडलं की पुन्हा खरखर. वय वाढलं की बहुतेकांचं आपोआप कमी होतं, विशीनंतर बरंच. दादांसारखं थोडं उरलं तरी त्याने तब्येतीला काही अपाय नाही.

डी १०४ आजी: मगे त्याल लावचा की नाय?

ए ३०२ डॉक्टर ताई: लावा आजी, अंघोळीनंतर ओल्या अंगावर. फिलिपाइन्समध्ये एक्झिमाच्या मुलांवर शुद्ध (व्हर्जिन) खोबरेल आणि खनिज तेल लावून तुलना झाली होती, त्यात खोबरेल सरस ठरलं. तो एक्झिमा होता, हे दाणे नव्हेत, पण कोरडेपणा दोन्हीकडे आहे. तेलाने ओल टिकते. बूच मात्र तेलाने सुटत नाही, त्याला युरियाच लागतो. कोकमाचं तेल घट्ट असतं, तळहातावर चोळून वितळवावं लागतं. थोड्या जागेला तेही चालेल. एप्रिल-मेमध्ये जाड तेलाचा थर नको, घामोळं उठेल. तेव्हा हलकं लोशन पुरे.

सी २०४: ताई, माझ्या बहिणीच्या मुलाला गालावर असेच दाणे होते. तिला बाजारातल्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब दिली, "खाजेची आहे, सगळ्याला चालते" म्हणून. पहिले आठ दिवस गाल छान दिसले. नंतर लालेलाल, उन्हात गेला की आग.

ए १०१ मेडिकलवाले दादा: ताईंच्या आधी मीच बोलतो. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात: स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. २०१८ पासून लावायची स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. माझ्याकडे रोज लोक रिकामी ट्यूब घेऊन येतात, "हीच द्या." मी नाही म्हटलं की रागावतात. कृपया ट्यूबच्या पाठीवरचं बारीक वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर स्वतःच्या मनाने मुलाच्या अंगाला लावू नका.

ए ३०२ डॉक्टर ताई: दादा, आभार. तुम्ही काउंटरवर नाही म्हणता तेव्हा किती मुलांचे गाल वाचतात, हे मला दवाखान्यात दिसतं. स्टेरॉइड वाईट नव्हे, आम्हीही कधी लालीसाठी सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस देतो. पण गालाची कातडी पातळ. महिनोन्महिने लावलं की ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात. सी २०४, भाच्याला एकदा दाखवून घ्या. ट्यूब एकदम बंद केली तर काही दिवस लाली उसळते आणि आईबाप घाबरून पुन्हा तीच लावतात.

बी ४०१: माझ्या मुलाच्या पोटावर चकचकीत मोत्यासारखे पाच-सहा फोड आहेत. तेही हेच का?

ए ३०२ डॉक्टर ताई: नाही, ते वेगळं वाटतं. मधोमध खळगा असेल तर मोलस्कम, तो विषाणूचा असतो आणि टॉवेल, पोहण्याचा तलाव, अंगाला अंग लागून पसरतो. फोडू नका, त्याचा टॉवेल वेगळा ठेवा आणि उद्या दाखवा. रात्री सगळं घर खाजवत असेल, बेचक्यांत आणि बेंबीभोवती पुरळ असेल, तर खरूज. त्यात घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं. कोपर आणि गुडघ्यांवर जाड, काटेरी दाणे असतील आणि मूल नीट जेवत नसेल, तर पोषण बघावं लागतं, त्यात अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. या तिन्हींत घरच्या घरी क्रीम लावत बसू नका. सिव्हिलला या किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

सी १०१ काकू: मग अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्यायच्या का हिला?

ए ३०२ डॉक्टर ताई: नको काकू. हिला जे आहे ते खाण्यापिण्यातून आलेलं नाही आणि पथ्याने जाणार नाही. आंबा, मासे, अंडी काही बंद करू नका. लाल माठ, शेवग्याचा पाला, पपई, अंडं हे सगळ्याच मुलांनी खावं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस सरकारी केंद्रावर मिळतात, ते चुकवू नका. वरून गोळ्या द्यायच्या नाहीत, जास्त झालं तर यकृताला त्रास होतो.

सी ३०३ गुरुजी: वहिनी, एक सुचवतो. उद्या वर्गशिक्षिकांना भेटा. मुलीचं नाव न घेता, कातडीचे सगळे प्रकार पसरणारे नसतात, एवढं त्या वर्गाला दोन मिनिटांत सांगू शकतात. या वयात बाईंनी सांगितलेलं मुलं घरच्यांपेक्षा जास्त मानतात. मी बाईंना ओळखतो, हवं तर सोबत येतो.

बी २०३ वहिनी: या गुरुजी, बरं वाटेल. ब्लाऊजला जाळीच्या बाह्या लावाव्यात असं मनात होतं. पण तिलाच विचारलं, तिला सगळ्यांसारखाच हवाय.

ए ३०२ डॉक्टर ताई: मग तसाच शिवा. गॅदरिंगपर्यंत दंड मऊ होतील, दाणे सगळे जाणार नाहीत. आदल्या दिवशी ब्लीच, वॅक्स किंवा नवं क्रीम काही काढू नका. दाणे नखाने काढत असेल तर नखं बारीक कापा.

बी २०३ दादा: मी पण लावू का तेच?

ए ३०२ डॉक्टर ताई: लावा की. दोघं एका वेळी लावा, म्हणजे तिचंही चुकणार नाही.

ए १०१ मेडिकलवाले दादा: १० टक्के युरियाचं क्रीम उद्या संध्याकाळपर्यंत मागवून ठेवतो. दंड-मांड्या रोज म्हणजे एक छोटी ट्यूब चटकन संपते, मोठी घ्या.

ए ३०२ डॉक्टर ताई: आणि गालांना युरिया लावू नका, तिथे साधंच क्रीम. डोळ्यांजवळ तर काहीच नको.